घराचा विमा व त्यांतील उणिवा

घाटनांदूरच्या पेठेंतील व्यापारी पोत्यापोत्याचा हिशेब चोख ठेवतो. परंतु ज्या घरांत बसून तो हिशेब लिहितो, त्या घराच्या विम्याचा कागद किती जणांनीं अखेरपर्यंत वाचला असेल? दोष देण्याकरितां नव्हे, तर हितबुद्धीनें आम्ही हें विचारीत आहों.

ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला. दगडमातीचीं माळवदी घरें क्षणांत कोसळून हजारों जीव त्यांखालीं गाडले गेले. पुढें सरकारी तिजोरी, जागतिक बँकेचें कर्ज व देणगीदारांचें औदार्य यांच्या बळावर तीं गांवें पुन्हां वसलीं. परंतु एकट्याच्या घराला आग लागली असतां जागतिक बँक धांवून येत नाहीं. तेथें विम्याचाच काय तो आधार.

तो आधार कोठवर पुरतो? विमा नियामक प्राधिकरणानें ता. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी लागू केली. आग, पूर, भूकंप हीं संकटें तींत येतात, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र निव्वळ घरफोडी तींत येत नाहीं; विम्यांतील संकटामुळें व त्यानंतर सात दिवसांच्या आंत झालेली चोरी तेवढी ती मानते. इमारतीच्या विम्याबरोबर घरांतील सामानास आपोआप मिळणारें संरक्षण इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, आणि तेंही फार तर दहा लाख रुपये. दागिन्यांचें संरक्षण वेगळें मागून घ्यावें लागतें. रोकड सामान्यतः वगळलेली असते. जुनेपणानें खचलेल्या भिंतीची भरपाई नाहीं, आणि जागेची किंमत तर धरलेलीच नसते.

खालीं दुकान व वर बिऱ्हाड असणाऱ्यांनीं विशेष सावध असावें. दुकानांतील माल म्हणजे घरसामान नव्हे. त्याचा विमा निराळा. बँकेच्या कर्जाबरोबर निघालेला विमा घराचा आहे कीं कर्जदाराच्या जीविताचा, हेंही पाहून घ्यावें.

कंपन्यांनीं काय मिळेल हें ठळक अक्षरांत सांगावें व काय मिळणार नाहीं हें बारीक अक्षरांत दडवावें, हा न्याय नव्हे. हप्ता घेण्यापूर्वीं एजंटानें वगळलेल्या गोष्टींची यादी मराठींत वाचून दाखवावी आणि ती ऐकल्यावांचून ग्राहकानें सही करूं नये. खतावणी नीट तपासणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस हें मुळींच अवघड नाहीं.