वर्गणीदारांच्या पलीकडे

दर वर्षीं ६ जानेवारी आली म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'चें स्मरण होतें, आणि तें उचितच आहे. १८३२ सालीं मुंबईंत निघालेल्या त्या पत्रापासून मराठी वृत्तपत्रांचा आरंभ झाला. परंतु त्या दिवशीं सभांतून जो इतिहास सांगण्यांत येतो, तो बहुतेक तुरुंगांचा इतिहास असतो. १८८२ सालीं टिळक-आगरकरांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढलेले १०१ दिवस, १८९७ चा राजद्रोहाचा खटला, १९०८ ची मंडालेची शिक्षा, शिवरामपंत परांजप्यांचें 'काळ' पत्र, एवढें झालें कीं वक्ते खालीं बसतात. या गोष्टी खऱ्या आहेत आणि थोरहि आहेत. इतिहास तेथेंच संपतो, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

फ्रान्सचें उदाहरण या वक्त्यांस मोठें प्रिय. तें आम्हीहि घेतों. २९ जुलै १८८१ च्या कायद्यानें तेथील पत्रांवरील जामीनकीचें ओझें उतरलें. आमचा 'केसरी' त्याच वर्षाच्या जानेवारींत निघाला होता. आमच्याकडे १९१० च्या कायद्यानें जामीनकीचा फास उलट आवळला आणि 'काळ' बंद पडला. येथवर दोष राज्यकर्त्यांचा. पण याच फ्रान्समध्यें एमिल द जिरार्दँ या हुशार गृहस्थानें १८३६ सालीं 'ला प्रेस' काढलें, इतर पत्रांची वर्गणी ८० फ्रँक असतां आपली ४० ठेविली, आणि तूट जाहिरातींतून भरून काढिली. पत्र स्वस्त झालें हें खरें. संपादकाला मात्र आणखी एक धनी मिळाला. सरकार डोळ्यांपुढें असतें, त्याच्याशीं झुंजतां येतें. वर्गणीदार आणि जाहिरातदार यांच्या आवडीनिवडीला कोणी दडपशाही म्हणत नाहीं, म्हणून तिच्याविरुद्ध कोणी तुरुंगांतहि जात नाहीं!

आमच्याकडे या दुसऱ्या बंधनाची जाणीव प्रथम कोणास झाली? ज्यांस पत्रांत जागा नव्हती त्यांस. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं 'दीनबंधु' काढलें तें हौसेखातर नव्हे. १९२० च्या जानेवारींत डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला, तेव्हां पैसे देऊं केले असतांहि त्याची जाहिरात 'केसरी'नें छापली नाहीं, असें धनंजय कीर लिहितात. राजद्रोहाच्या खटल्यांनीं ज्या पत्राचें नांव उज्ज्वल झालें, त्याच पत्राची ही हकीकत आहे. आणि ६ जानेवारीच्या भाषणांत ती आम्हांस क्वचितच ऐकूं येते.

हें सारें जुनें झालें असें कोणी म्हणेल. त्यानें कसाऱ्यास यावें. आगगाडी १८६१ सालीं कसाऱ्यापर्यंत आली, आणि १८६५ सालीं घाट चढून इगतपुरीस पोहोंचली. मुंबईच्या पत्रांचे गठ्ठे नाशिक-खानदेशाकडे जावयाचे ते याच घाटानें. चढणीसाठीं मागें जादा इंजिन जोडण्याकरितां गाडी येथें थांबते. पण गाडींतील वर्तमानपत्राची नजर येथें क्वचितच थांबली. याच शहापूर तालुक्यांत १८९२ सालीं तानसाचें धरण पुरें झालें, १९५७ सालीं मोडकसागर, आणि पुढें भातसा. मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वांटा एकट्या भातशाचा आहे. पावसाळा आला कीं मुंबईचीं पत्रें रोज तक्ता छापतात: तानसा इतके टक्के, भातसा इतके टक्के. धरणांचीं नांवें मुंबईच्या मुलांसहि पाठ आहेत. पण त्याच धरणांच्या आसपासच्या कातकरी-ठाकरांच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, ही बातमी आंतल्या पानावर कोपऱ्यांत येते, तीहि मोर्चा निघाला तर. पाणी मुंबईचें आणि तहान शहापूरची, अशी ही वांटणी छापखान्यांतहि कायम आहे.

यावर संपादकांचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पाड्यावर आमचा वाचक नाहीं, पत्र चालवावयाचें तर वाचकाला हवें तें दिलें पाहिजे, इत्यादि. ठीक आहे. १३ जानेवारी १८९८ रोजीं पॅरिसच्या 'लोरोर' पत्रानें झोलाचें अनावृत पत्र पहिल्या पानावर छापलें तें ड्रेफ्यूससाठीं. हा ड्रेफ्यूस त्या वेळीं समुद्रापलीकडे डेव्हिल्स बेटावर एकान्तवासांत होता. तो 'लोरोर'चा वर्गणीदार नव्हता, आणि तो अंक त्याच्या हातीं पडण्याचाहि संभव नव्हता. पॅरिसच्या बहुतेक पत्रांस आणि त्यांच्या वाचकांस त्याची निर्दोषता नकोच होती. तरी तें पत्र छापलें गेलें.

आमचें मागणें एवढें मोठें नाहीं. येत्या पावसाळ्यांत धरणांचा तक्ता छापला जाईलच. तत्पूर्वीं, मे महिन्यांत, त्याच जागीं आणि तितक्याच ठळक अक्षरांत, शहापूर-मुरबाडांतील टँकरवर असलेल्या पाड्यांचीं नांवें रोज छापावींत.