बिऱ्हाडविक्रीची लाज कशाला?

बदलीचा हुकूम हाती पडला की मराठी सरकारी नोकराच्या घरी पहिली मसलत होते ती सामानाची, आणि ती हळू आवाजात होते. शेजाऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली जाते. मग ठरते की कपाट, पलंग आणि जेवणाचे टेबल काढून टाकावे. मात्र कोणास कळता कामा नये. एरवी हाच गृहस्थ कार्यालयात नियमांचा केवढा कैवारी! कचेरीतील मोडक्या खुर्च्या निकालात काढायच्या झाल्या, तर त्यांची यादी कोठे, समितीचा अहवाल कोठे, जाहीर सूचना कोठे, असे तीन आक्षेप तो टिपणात नोंदवील. स्वतःच्या खुर्च्या मात्र रात्री नऊनंतर, मागच्या दाराने, एकाच गिऱ्हाइकाशी कुजबुजून, सांगेल त्या किमतीस तो देऊन टाकतो. सरकारला आपले जुने सामान उघड विकण्याची लाज वाटत नाही. ती त्याच्या नोकरास वाटते. ही लाज खोटी आहे, खर्चिक आहे आणि ती आपल्यापेक्षा गरिबांस अधिक महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही लाज आली कोठून, हे मला ठाऊक नाही असे नाही. 'त्याने भांडीकुंडी विकायला काढली' हे वाक्य आपल्या भाषेत दिवाळखोरीचे वाक्य आहे. दारापुढे सामान मांडलेले दिसले की आपल्या मनात जप्ती उभी राहते, सावकार उभा राहतो, दवंडी ऐकू येते. घरच्या वस्तूस गिऱ्हाइकाने हात लावला की घराण्याची अब्रूच चव्हाट्यावर आली, असे आपल्या आजोबांस वाटले असेल तर त्यात नवल नाही. त्यांच्या काळी घरातील वस्तू बाहेर निघे ती बहुधा संकटातच. परंतु आपण काही संकटात नाही. आपली फक्त बदली झाली आहे. बदलीस दिवाळखोरीची वस्त्रे चढविण्याचे कारण काय?

शिवाय आपली ही लाज मोठी सोयीची आहे. बोहारीण दाराशी आली की दोन साड्या आणि एक विजार पुढे टाकून एका पातेल्यासाठी तिच्याशी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या घरास जुनी वस्तू देऊन मोबदला घेणे नवीन नाही. रद्दीवाल्याच्या तराजूवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणाऱ्यास किलोचा भाव विचारताना संकोच होत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात दुसऱ्याच्या घरची घड्याळे हौसेने उलटीपालटी करणारेही आपणच. म्हणजे जुने विकत घेणे ही रसिकता, जुने बदलून घेणे हा काटकसरीपणा, आणि जुने उघडपणे विकणे तेवढे अब्रूचे नुकसान! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

या लाजेची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. नव्हे, दुसऱ्या एका बाईस मोजावयास लावली आहे. सहा वर्षांपूर्वी हैदराबादेहून आमची बदली बंगळूरला झाली. पत्नीचे शिवणयंत्र नेण्यासारखे नव्हते. जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्यास मी रात्री बोलाविले आणि त्याने सांगितलेल्या आठशे रुपयांस ते दिले. निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे धुण्याभांड्यांस येणारी बाई आनंदाने सांगू लागली की, मुलीसाठी तिने शिवणयंत्र घेतले. अडीच हजारांस मिळाले. तिने खूण सांगितली. चाकाजवळ उडालेला रंग आमच्याच घरी उडाला होता. पत्नी काही बोलली नाही. ती बाई मात्र एवढेच म्हणाली, "अम्मा, विकायचे होते तर मला का नाही सांगितले?" चार वर्षे आमच्या घरात वावरणाऱ्या बाईपासून मी जे लपविले, ते तिने सतराशे रुपये अधिक देऊन परत घेतले. त्या व्यापाऱ्यास मी दोष देत नाही. त्याने धंदा केला. अब्रू राखली ती मी, आणि तिचे बिल भरले तिने.

आज आम्ही मल्लेश्वरम्‌मध्ये राहतो. ज्या काडू मल्लेश्वराच्या देवळावरून या वस्तीस नाव मिळाले, ते सतराव्या शतकात शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजी राजे यांनी बांधविले असे मानतात. तेव्हा मराठी माणसाने येथे परकेपणा मानण्याचे कारण नाही. तरीही आपण येथे राहतो ते विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊनच. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील एका तमिळ अधिकाऱ्याची दिल्लीस बदली झाली. एका रविवारी सकाळी त्यांनी व्हरांड्यात सगळे सामान मांडले आणि प्रत्येक वस्तूस किमतीची चिठ्ठी लावली. मला त्यांच्या वतीने लाज वाटली. कोपऱ्यावर उभे राहून मी पाहत होतो, आणि अकरा वाजेपर्यंत व्हरांडा रिकामा झालेला पाहिला. आठव्या क्रॉसच्या बाजारातील फुलवाली स्टूल घेऊन गेली, दोन विद्यार्थी टेबल-खुर्ची घेऊन गेले, आणि निवृत्त शेजाऱ्यांनी चहा पीत पीत पुस्तके चाळली. निरोपाचा असा समारंभ आमच्या कोणत्याही मंडळाने कधी केला नसेल.

यंदा हुकूम मला आला आणि आम्हीही तसेच केले. त्या अनुभवावरून चार गोष्टी बांधवांपुढे ठेवतो.

प्रथम वजनाचा हिशेब करावा. २०१७ च्या आदेशांनुसार चौथ्या वेतनस्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यास १५०० किलो, पाचव्या स्तरावरील कर्मचाऱ्यास ३००० किलो आणि सहाव्यापासून पुढे ६००० किलो सामान नेण्याची मुभा आहे. मुभा आहे म्हणून वजन भरून काढणे ही काही देशसेवा नव्हे. नवीन गावी जे पुन्हा लागणार आणि पुन्हा घ्यावयास महाग पडणार, तेवढेच न्यावे. देव, फोटो, कागदपत्रे आणि ज्यांवर घरातील कोणाचाही जीव आहे त्या वस्तू पहिल्याच दिवशी वेगळ्या खोलीत कुलूपबंद कराव्यात. काय विकायचे ते घरधन्याने एकट्याने ठरवू नये. हा धडा मी शिवणयंत्रापाशी शिकलो.

दिवस निवडावा तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील रविवार, कारण तेव्हा गिऱ्हाइकाच्या हाती पगार असतो. वेळ सकाळची सात ते अकरा. घरमालकाची संमती आधी घ्यावी. सूचना कन्नड, इंग्रजी आणि मराठी या तिन्ही भाषांत लिहावी. कन्नड मजकूर शेजाऱ्याकडून तपासून घेतला तर सूचना शुद्ध होते आणि शेजारी आपला होतो. घरी कामास येणारी बाई, रखवालदार आणि इस्त्रीवाला यांना आदल्या दिवशी सामान दाखवावे आणि हवे ते त्यांच्यासाठी राखून ठेवावे. मोबाइलवरील जाहिरातींचा उपयोग शीतकपाटासारख्या जड वस्तूंपुरता करावा. मोड माहीत असलेला शेजारी हा अनोळखी गिऱ्हाइकाहून बरा.

किंमत प्रत्येक वस्तूवर लिहावी आणि तिच्याखाली दोषही लिहावा: 'एक पाय डुगडुगतो', 'मिक्सरचे लहान भांडे गळते'. आम्ही हे केले तेव्हा घासाघीस निम्मी झाली, कारण गिऱ्हाइकाने काढावयाचा दोष आम्हीच काढून ठेवला होता. विजेची वस्तू चालवून दाखविता यावी म्हणून जवळ प्लग असावा. सुटे पैसे आणावेत, यूपीआयची सोय ठेवावी, उधारी ठेवू नये. उद्या आपण गावात नसणार. दहानंतर किमती उतरवाव्यात आणि उरलेले दुपारी देऊन टाकावे. गॅसची टाकी मात्र मुळीच विकू नये; ती कंपनीची असते. ती परत करून जोडणी बंद केल्याची पावती घ्यावी, म्हणजे ठेवही परत मिळते.

नियमांची भीती दाखविणारे स्नेही प्रत्येक कचेरीत असतात. त्यांनी १९६४ चे वर्तणूक नियम उघडून पाहावेत. घरातील वापरलेले सामान काढणे हा व्यापार नव्हे. जंगम मालमत्तेचा व्यवहार दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा अधिक रकमेचा असेल, तर महिन्याच्या आत कळवावा; आणि घेणाऱ्याचा आपल्याशी कार्यालयीन संबंध असेल, तर अशा व्यवहारास आधी मंजुरी घ्यावी. स्कूटर किंवा मोटार असेल तर हे ध्यानी धरावे. पाटा-वरवंट्यासाठी नियम शोधत बसू नये.

एक आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. विकण्यापेक्षा गरिबांस दान का करू नये? जरूर करावे, परंतु चांगली वस्तू दान करावी. आपण बहुधा चांगली वस्तू व्यापाऱ्यास विकतो, मोडकी वस्तू मोलकरणीस देतो, आणि वर तिच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा धरतो. योग्य भावाने वस्तू घेणारी बाई ताठ मानेने जाते. तिला पाय डुगडुगतो म्हणून सांगता येते, दहा रुपये कमी करा म्हणता येते. दान घेतलेल्या वस्तूस नाव ठेवण्याचा हक्क तिला कोण देतो?

बाहेरच्या जगातही पाहावे. नेदरलँड्समध्ये राजाच्या वाढदिवसाच्या सोहळ्यास, २७ एप्रिलला, लोक घरातील जुने सामान रस्त्यावर मांडून विकतात. मुले आपली खेळणी विकावयास बसतात. अमेरिकेतील उपनगरांत मोटारीच्या खोलीपुढे असा बाजार भरणे ही नित्याची गोष्ट आहे. त्या लोकांची अब्रू त्यामुळे गेल्याचे कोणी ऐकले नाही.

आमच्या विक्रीत एकूण रक्कम फार मोठी जमली नाही. पण या वेळी शिवणयंत्र, हैदराबादेनंतर पत्नीने पुन्हा घेतलेले, आमच्या घरी येणाऱ्या बाईने पहिल्यांदा पाहिले, चालवून पाहिले, दोनशे रुपये कमी करून घेतले आणि आमच्या पुढच्या दाराने नेले. पत्नीने तिला तेलाची कुपी वर दिली. ज्यास त्यात अब्रू गेल्यासारखी वाटते, त्याने खुशाल खिडक्या लावून घ्याव्यात. आमच्या खिडक्या त्या दिवशी उघड्या होत्या.