पोटॅशची पोती आणि गोदामातील सळई

मावळातील वराळे हे गाव समुद्रापासून दूर, घाटाच्या अलीकडे आहे. तेव्हा खारटपणामुळे सळई गंजण्याची चिंता कोकणवासीयांनी करावी, असे येथील शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भातासाठी आणलेले म्युरिएट ऑफ पोटॅश हाही एक क्षारच असून त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडचा असतो. फुटक्या पोत्यातील हे खत पावसाळ्यात ओल धरते आणि त्याचे पाणी खांबांच्या पायथ्याशी मुरते.

काँक्रीटमधील चुन्याच्या अंशामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून असतो. क्लोराइड तो थर भेदते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. पणजीचा मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो त्याच्या पोटातील पोलादी तारा गंजल्यामुळेच.

‘राखेचे सिमेंट कच्चे’ असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. आमच्या मते तो निराधार आहे. आपले जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी मिसळीत, ते काही उगीच नव्हे. वीजकेंद्रातील राख, लोखंडाच्या भट्टीतील मळी अथवा भाजलेली चिकणमाती मिसळलेल्या सिमेंटमध्ये सूक्ष्म छिद्रे अधिक बारीक होतात व क्षाराचा शिरकाव मंदावतो.

मात्र हे सिमेंट सावकाश पक्के होते, आणि ते होताना काँक्रीटमधील चुना खर्ची पडतो. पाणी कमी मारले तर लाभ दूरच, उलट हवेनेच सळई लवकर उघडी पडते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटला निदान १० दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवस पाणी मारावयास हवे. चौथ्या दिवशीच झारी ठेवून देणाऱ्या गवंड्याला ग्रामसेवकांनी निःसंकोच अडवावे. सळईवरील आवरण त्याच मानकाप्रमाणे साधारण परिस्थितीत ३० मिलिमीटर, समुद्रकिनारी ४५ मिलिमीटर असावे. सळईखाली खडी सरकवून हे अंतर राखता येत नाही. त्यासाठी सिमेंटचे ठोकळेच ठेवावेत.

ज्यांचे गोदाम आधीच उभे आहे, त्यांनी पोती लाकडी फळ्यांवर, खांबांपासून हातभर दूर रचावीत व सांडलेले खत पाण्याने न धुता कोरडेच झाडून घ्यावे.