सहा पायांची ओळख

'किडा' या शब्दावर आपण मराठी माणसांनी फार भार टाकला आहे. धान्यात पडतो तो किडा, दाताला लागते ती कीड आणि एखाद्याच्या डोक्यात वळवळतो तोही किडाच. घरात काही सरपटताना किंवा उडताना दिसले की आईच्या तोंडून 'ई, किडा!' निघते, वडिलांच्या पायातली चप्पल निघते आणि विषय तेथेच संपतो. शहरातल्या मुलाचे कीटकांविषयीचे शिक्षण साधारण एवढ्यावर आटोपते.

वास्तविक आपली भाषा या बाबतीत गरीब नाही. मुंगी वेगळी, मुंगळा वेगळा, डोंगळा वेगळा आणि झाडाची पाने शिवून घरटे करणारी ओंबील आणखी वेगळी. पंख पसरून बसतो तो चतुर, मिटून बसते ती टाचणी. मध काढणारा माणूस नुसते पोळे पाहून आग्या की सातेरी की फुलोरी, हे सांगतो. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची मराठी नावे गोळा करून 'पक्षिकोश' केला, तसे काम कीटकांच्या बाबतीतही करण्याजोगे आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे देशातले हे पहिले राज्य. चांगलेच झाले. पण फुलपाखराचे कौतुक करायला फारसे कष्ट पडत नाहीत. कसोटी लागते ती झुरळापाशी, गांधीलमाशीपाशी आणि अळीपाशी.

शाळेत हा विषय नाही असे नाही. 'कीटकांना सहा पाय असतात' हे वाक्य मुले पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुण मिळवतात. त्यांच्यापैकी किती जणांनी एखाद्या कीटकाचे पाय प्रत्यक्ष मोजले असतील, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

जुन्नरकडच्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी हे पाय मोजताना मुले पाहिली. तिथल्या बाईंनी त्यासाठी एक खेळ बसवला आहे. साहित्य म्हणाल तर जुन्या लग्नपत्रिका आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मुलांनीच चित्रे काढलेली. एका पत्त्यावर नाकतोडा, दुसऱ्यावर डास, तिसऱ्यावर काजवा, असे बत्तीस पत्ते. एकाला उभे करायचे आणि त्याच्या पाठीवर, कॉलरला, चिमट्याने एक पत्ता लावायचा. आपण कोण आहोत हे त्याला दिसत नाही, वर्गाला दिसते. त्याने प्रश्न विचारायचे आणि वर्गाने 'हो' किंवा 'नाही' एवढेच म्हणायचे. नाव घेऊन विचारायचे नाही. प्रश्न दहाच.

पहिल्या आठवड्यातले प्रश्न बाईंनी वहीत टिपून ठेवले आहेत. 'मी चावतो का?' 'मी विषारी आहे का?' 'मी घाण आहे का?' भीती आणि किळस यांपलीकडे प्रश्न जात नव्हते. 'घाण आहे का' या प्रश्नावर तर वर्गात भांडणेच झाली, कारण शेणकिड्याला एकाने घाण म्हटले आणि दुसऱ्याने तो घाण साफ करतो म्हणून स्वच्छ ठरवले. बाईंनी मग नियम केला : जे डोळ्यांनी पाहून सर्वांना सारखेच सांगता येईल, तेच विचारायचे.

या एका नियमाने खेळ पालटला. 'मला पाय सहापेक्षा जास्त आहेत का?' हो म्हटले की कोळी, विंचू, गोम असे सगळे एका बाजूला पडतात. 'मला पंखांची एकच जोडी आहे का?' हो म्हटले तर घरमाशी किंवा डास. मधमाशीला दोन जोड्या असतात. माशीची मागची जोडी झिजून दोन बारीक गुंड्यांएवढी उरलेली असते आणि उडताना तोल सांभाळायला तिचा उपयोग होतो. 'माझे वरचे पंख कवचासारखे टणक आहेत का?' हा माझा आवडता प्रश्न. जगात आजवर ज्यांना नावे मिळाली अशा कीटकांच्या जाती सुमारे दहा लाख. त्यांतल्या साडेतीन ते चार लाख एकट्या भुंगेऱ्यांच्या. म्हणजे या एका प्रश्नाने सृष्टीतली केवढी गर्दी बाजूला होते!

आम्हा बँकवाल्यांना यातले गणितही आवडेल. प्रत्येक प्रश्नाला निम्मे पत्ते गळत असतील तर बत्तीसांतून एक गाठायला पाच प्रश्न पुरतात. तिसरी-चौथीतली मुले हे सूत्र मांडत नाहीत, पण कुठला प्रश्न वाया जाईल हे त्यांना महिन्याभरात कळू लागते. माझी पस्तीस वर्षे नमुना सही आणि धनादेशावरची सही ताडून पाहण्यात गेली. नवा कारकून दोन्ही सह्यांकडे एकदम पाहतो आणि 'सारखीच वाटते' म्हणतो. मुरलेला कारकून एकेका वळणाकडे पाहतो. 'वाटते' पासून 'दिसते' पर्यंतचा हा प्रवास करायला आम्हाला वर्षे लागली, या मुलांना एक सत्र पुरले.

खेळात पेचही आले. मृगाच्या किड्याच्या पत्त्यावर सगळा वर्ग 'पाय सहाच' म्हणत होता. एक मुलगी मात्र आठ म्हणून हटून बसली. बाईंनी निकाल दिला नाही. जूनपर्यंत पत्ता बाजूला ठेवला. मृगाच्या पहिल्या सरींनंतर मैदानात ते लाल मखमली ठिपके दिसू लागले, तसा एक काचेच्या पेल्यात घेतला आणि भिंगाखाली पाय मोजले. आठ! ज्याला पिढ्यान्पिढ्या आपण किडा म्हणत आलो तो कीटक नव्हेच, तो कोळ्याच्या नात्यातला. (गोचीडही त्याच गोतावळ्यातली.) मोजणी झाल्यावर त्याला मातीत सोडून दिले. टाचणीने टोचून ठेवलेला संग्रह या शाळेत नाही.

दुसरा पेच अळीचा, आणि खरी गोष्ट इथेच आहे. अळीचे पाय मोजले तर काहींना सोळा भरतात! मग ती कीटक कशी? खरे सांधेदार पाय पुढचे सहाच. मागचे मांसल आधार हे धरून राहण्यापुरते, मोठेपणी ते राहत नाहीत. एकाच जीवाची दोन रूपे इतकी वेगळी असतात, म्हणून बाईंनी जोडपत्ते केले. त्यांतला एक ढालकिड्याचा. लाल-नारिंगी पाठ आणि काळे ठिपके असलेला हा टपोरा भुंगेरा सर्वांना आवडतो. त्याची अळी मात्र काळपट, खरबरीत, चिमुकल्या सुसरीसारखी. पिकावर दिसली की हमखास चिरडली जाते. ती अळी मावा खाते, आणि भरपूर खाते.

आता हे ज्ञान घरी जातेच. चौथीतल्या एका मुलाने कोबीच्या वाफ्यात ही अळी ओळखली आणि बापाला म्हणाला, 'आबा, ही आपल्याकडची हाय, मारू नका.' बापाने पाठीवरचा पंप खाली ठेवला, असे लिहायला कादंबरीकाराला फार आवडले असते. त्याने तो ठेवला नाही. 'तुझ्या बाईंना म्हणावं, बँकेचा हप्ता तुम्ही भरा,' असे म्हणून त्याने फवारणी पुरी केली. ज्या खुर्चीवरून तो हप्ता मागितला जातो, तिच्यावर मी बसलेलो असल्यामुळे मला त्याचा राग येत नाही. हाताशी असलेले पीक आणि मुलाच्या वर्गातला पत्ता यांत त्याने पीक निवडले.

तरीही मुलाचे म्हणणे खोटे ठरत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंमागे कारणे अनेक होती. पण फवारावे की नाही हे ठरवण्याचा पहिला टप्पा मोजणीचा असतो, हे कृषी खाते सांगतच असते. शेंदरी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर उपाय करायचा. मोजणी करायची तर आधी पतंग ओळखता यायला हवा. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातशेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या, तेथे प्रौढ माणसे बांधावर बसून कीटकांची चित्रे काढत आणि शत्रू कोण, मित्र कोण, हे ठरवत. जुन्नरच्या त्या वर्गात चालते ते याहून फार वेगळे नाही. फक्त ते तीस वर्षे आधी, नवव्या वर्षी चालते.

हे परीक्षेत येते का, असे पालक विचारतात. येत नाही. बाईंचे उत्तर असे, की वेगळी तासिका त्या घेतच नाहीत, शनिवारची अर्धी शाळा सुटण्यापूर्वीची वीस मिनिटे घेतात. त्यावर फारसे कुणी बोलत नाही.

प्रत्येक पत्त्यामागे नाव लिहायचे असते. त्यासाठी मुले घरोघरच्या आज्यांकडे जातात. एकाच कीटकाची तीन-तीन नावे येतात आणि बाई तिन्ही लिहून घेतात. एका पत्त्याची पाठ मात्र अजून कोरी आहे. फिकट हिरवा, जाळीदार पंखांचा, पानाखाली केसाएवढ्या देठांवर अंडी घालणारा. कृषी खात्याच्या पत्रकात त्याला क्रायसोपा म्हणतात. आज्यांनी पाहिले आणि 'किडा हाय' एवढेच सांगितले. अंडी दांडीवरच्या झेंड्यांसारखी दिसतात म्हणून मुलांनी 'झेंडेवाली' असे नाव सुचवले आहे. बाईंनी ते मंजूर केलेले नाही. तिची अळी मावा खाताना वर्गातल्या सर्वांनी आधी स्वतः पाहिली पाहिजे, अशी त्यांची अट आहे.