व्हिसा कोणत्या कामाचा, ते आधी वाचा

बीड जिल्ह्याला परगावी कामाला जाणं नवं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाचा धंदा नेमका उलटा. तो उचल देत नाही, आपल्याकडूनच घेतो. मुकादमाचे पैसे बुडवले तर तो दारात येऊन बसतो. एजंटाने आपले बुडवले तर त्याचा फोन बंद लागतो.

म्हणून ज्या घरात सौदी, दुबई, कतारची बोलणी चालू आहेत, त्यांना विनंती आहे की पैसे मोजण्याआधी काही गोष्टी तपासा.

पहिला प्रश्न पोरगा कितवी शिकला, हा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ असं छापलेलं असतं. असा माणूस आखातातले देश, मलेशिया, जॉर्डन, इराक अशा ठरावीक १८ देशांत कामाला जाणार असेल, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावरून मिळते. लोकांना हा नसता ताप वाटतो. पण या मंजुरीसाठी पगार, कामाचे तास, राहण्याची सोय हे सगळं करारात लिहून यावं लागतं. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेत विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. बांधकामावर मजुरीला जाणाऱ्यासाठी एवढ्या पैशात याहून मोलाचा कागद नाही.

ही मंजुरी चुकवायची वाट एजंटाला ठाऊक असते. “आत्ता व्हिजिटवर जा, तिकडे कामाचा करून देतो,” असं तो सांगतो. इथेच सावध व्हा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, उमऱ्याच्या व्हिसावर तर आहेच आहे. अशा माणसाकडे ना नोंदलेला करार असतो ना विमा. मालकाने पगार थकवला तर तो तक्रार करायलाही घाबरतो, कारण आधी त्याच्याच कागदात खोट निघते. तेव्हा व्हिसाची प्रत मागा आणि त्यावर प्रकार काय लिहिलाय ते वाचा. इंग्रजी-अरबी येत नसेल तर गावातल्या शाळेत, मदरशात, कॉलेजात जाऊन वाचून घ्या. एजंटाकडून मात्र वाचून घेऊ नका.

दुसरा प्रश्न एजंट कोण, हा. परवाना नसताना परदेशी नोकरीसाठी भरती करणं हा गुन्हा आहे. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर कुणालाही बघता येते. “परवाना मुंबईच्या साहेबांचा आहे, मी त्यांचा माणूस,” असं म्हणणारा सब-एजंट कायद्यात बसत नाही, मग तो तुमचा पाहुणा का असेना. परवानाधारकालाही सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयेच घेता येतात, तेही पावती देऊन. दीड-दोन लाख रोख मागणाऱ्याला पावती मागून बघा. त्याचं तोंड बघूनच पुष्कळ काही कळेल.

आता कुटुंबाचं. तिकडे गेलेला नवरा वर्षा-दोन वर्षांनी बायको-मुलांना बोलावतो, आणि मग घरात कागदांची शोधाशोध सुरू होते. यूएईत कुटुंब न्यायचं तर पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा, अशी अट आहे. पण आपल्याकडे पगारापेक्षा जास्त अडतं ते लग्नाच्या दाखल्यावर. पत्रिका, अल्बम किंवा नुसता निकाहनामा पुरत नाही. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, आणि गावात ग्रामपंचायत अधिकारीच (आधीचा ग्रामसेवक) विवाह निबंधक असतो. नोंदणी लग्नानंतर लगेच करा. दाखला मिळाल्यावर तो मुंबईत राज्य सरकारकडून आणि पुढे परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. काही देशांना त्या मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का पुरतो. यूएईसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो.

जन्मतारखेची आणखी वेगळी गंमत. मराठवाड्यात निम्मी जनता १ जूनला जन्मलेली दिसते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, जन्मनोंदीत तिसरी, असं असेल तर व्हिसाचा अर्ज तिथेच अडकतो. नावाचंही तसंच. लग्नानंतर बायकोने नाव बदललंच पाहिजे, असं कुठलाही कायदा म्हणत नाही. माहेरचं नाव ठेवून पासपोर्टमध्ये नवऱ्याचं नाव जोडता येतं. अर्धे कागद माहेरच्या नावाचे आणि अर्धे सासरच्या, ही खिचडी मात्र टाळा.

लग्न जुळवतानाही व्हिसा बघा. पुण्यातून अमेरिकेला गेलेल्या इंजिनिअरचं स्थळ आलं तर मुलीच्या बापाने एवढं जरूर विचारावं, की व्हिसा कोणता? एच-१बी असेल तर बायकोला एच-४ मिळतो आणि त्यावर तिला आपोआप नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीनकार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असेल, किंवा ग्रीनकार्डाच्या प्रलंबित अर्जाच्या आधाराने त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला असेल, तरच ती कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. एमएस्सी झालेली पोरगी तिकडे वर्षानुवर्षं घरी बसून राहते, आणि हे लग्नाआधी कुणी सांगितलेलंच नसतं. मानपान, हुंडा यावर तासन्‌तास बोलणारी माणसं यावर दोन वाक्यं बोलत नाहीत.

इंग्लंडला ‘केअर वर्कर’ म्हणून पाठवतो असं कुणी सांगत असेल तर दार लावून घ्या. बाहेरच्या देशांतून नवे केअर वर्कर नेण्याची ती वाट ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. थायलंडमधल्या ‘डेटा एंट्री’च्या नोकरीचंही तसंच, तिथून पुढे म्यानमारमध्ये नेऊन पोरांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार घडले आहेत.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. पैसे पाठवल्याचे पुरावे, व्हॉट्सॲपवरची बोलणी, व्हिसाची प्रत सांभाळून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उत्प्रवास कायद्याखाली खटल्याला दिल्लीची परवानगी लागते, असं कुणी सांगेल. ते अर्धवट आहे. जाणाऱ्याने स्वतः, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, बायको, नवरा, भाऊ, बहीण यांनी तक्रार केली तर त्या परवानगीची गरज नाही, हे त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलं आहे. माणूस परदेशात अडकला असेल तर ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद करा. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांची एकेक झेरॉक्स तो निघण्याआधीच घरात ठेवून घ्या.

परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. फोनला पैसे पडत नाहीत. एजंटाला पहिला रुपया देण्याआधी या नंबरवर फोन करा.