अन्नसाखळीत सिंह कशाला? आपला बिबट्या लावा

मंडळी, जरा पोरांच्या ‘प्रोजेक्ट’बद्दल बोलायचंय.

अन्नसाखळीचा धडा आला की स्टेशनरीच्या दुकानात ठरलेला तक्ता मिळतो: गवत, हरीण, सिंह. आईबाप रात्री जागून कापतात, चिकटवतात, पोरगं केव्हाच झोपलेलं. सकाळी शेरा, ‘छान’. अहो, आपल्या जुन्नर भागात सिंह पाहिलाय कुणी? देशात रानातला सिंह आहे तो फक्त गुजरातेत, गीरकडं. आपण दिवेलागणीनंतर पोरांना एकटं बाहेर सोडत नाही ते बिबट्यामुळं. मग वहीत तो का नको?

तक्ता आणूच नका. रद्दी, कात्री आणि कणकेची खळ एवढ्यात काम होतं. पेपरच्या पट्ट्या कापायच्या, एकीत एक अडकवून कड्या चिकटवायच्या आणि प्रत्येक कडीवर इथलंच नाव लिहायचं. मका, कोंबडी, कुत्रा, बिबट्या.

पोरं विचारणारच, कुत्र्याला कोंबडी मिळते कुठं? खरा धडा इथं सुरू होतो. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या रात्री ओढ्याकाठी टाकल्या जातात. (कोण टाकतं ते गावाला माहीत असतं, बोलत कुणी नाही.) त्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबट्या. लपायला आणि पिल्लं घालायला उसाचा फड आहेच.

आता कात्री पोराच्या हातात द्या आणि विचारा, कुठली कडी कापायची? बहुतेक जण बिबट्याची म्हणतील. कापू द्या. खालची साखळी तशीच लोंबत राहते, नवी कडी अडकवायला जागा मोकळी. हे नुसतं कागदावरचं नाही. २००१ नंतरच्या काळात आपल्याकडचे बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले, तरी माणसांवरचे हल्ले थांबले नाहीत, उलट वाढले. विद्या अथ्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अभ्यासून मांडलेलं आहे. तरीही हल्ला झाला की आपली पहिली मागणी पिंजऱ्याचीच. पिंजरा लागेल तिथं लावावाच, माझं काही म्हणणं नाही. घरातलं लेकरू गेलेल्या माणसाला साखळी समजावत बसू नये. पण मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची मागणी कुणी केलेली मी तरी ऐकली नाही.

मोठ्या मुलांसाठी अजून एक. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा ऊर्जा पोचते. ठोकळ हिशेब आहे, पण कात्रीनं फार चांगला कळतो. मक्याची पट्टी १ मीटर, कोंबडीची १० सेंटिमीटर, कुत्र्याची १ सेंटिमीटर. बिबट्याची १ मिलिमीटर! ती कापताना पोरं रडकुंडीला येतात. शिकारी थोडे का असतात, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. आणि आपण उघड्यावर कोंबड्या टाकून कुत्र्याची पट्टी फुकट लांबवतोय, हेही त्यांच्याच लक्षात येतं.

गुरुजी, बाई, दप्तराविना शनिवार आहेच, एक तास यासाठी द्या. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती साखळी भिंतीवर लावून पोरांनाच बोलू द्या. पोल्ट्रीवाले समोर बसलेले असतीलच.