गाळातले बंदर आणि गंगेचा करार

गंगेच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार १२ डिसेंबर १९९६ रोजी झाला, तो तीस वर्षांसाठी; म्हणजे २०२६ च्या डिसेंबरपर्यंत. त्याची चर्चा आपल्याकडे परराष्ट्र धोरणाचा विषय म्हणून होते. त्यातील एक महत्त्वाचा आकडा मात्र कोलकात्याच्या बंदरातून आलेला आहे. उन्हाळी महिन्यांत फराक्का येथे प्रवाह ७५ हजार क्युसेक किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा भारताचा वाटा ४० हजार क्युसेकचा. हुगळीतील गाळ धुऊन काढण्यासाठी फराक्क्याच्या कालव्याची आखणी झाली होती, ती याच ४० हजारांवर.

समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत नदीवर वसलेल्या या बंदराचा इतिहास हा गाळाशी चाललेल्या झुंजीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच हुगळी बुजणार, या भीतीने ब्रिटिशांनी पूर्वेकडील मातला नदीवर पर्यायी बंदर उभारायला घेतले. ‘सायक्लोन’ हा शब्द ज्यांनी घडवला त्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ मध्येच डलहौसीला पत्र लिहून सावध केले होते : ही जागा वादळी लाटांच्या तोंडी आहे. त्यांचे कोणी ऐकले नाही. रेल्वे आली, धक्के बांधले गेले आणि पोर्ट कॅनिंग कंपनीच्या समभागांवर मुंबईच्या सट्टेबाजांनीही उड्या घेतल्या. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आले आणि लाटेने बंदराची दाणादाण उडवली. पिडिंग्टन तेव्हा हयात नव्हते.

मग सारे भांडवल पुन्हा हुगळीकडे वळले. १८७० मध्ये पोर्ट कमिशनर नेमले गेले, १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी सुरू झाली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस किंग जॉर्ज गोदी, म्हणजे आजची नेताजी सुभाष गोदी. दरवाजे लावून आत पाणी कोंडायचे आणि भरतीची वेळ साधून जहाज आत घ्यायचे, अशी या गोद्यांची रीत. चहा, ताग आणि कोळसा यांच्या व्यापाराला ती पुरली. जहाजे मोठी होत गेली, तशी नदी अपुरी पडू लागली.

स्वातंत्र्यानंतर त्यावर उपाय ठरला तो फराक्क्याचा बांध. पश्चिम बंगालच्या पाटबंधारे खात्यातील अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी त्यास जाहीर विरोध केला. दामोदरवरील धरणांमुळे हुगळीला धुणारे पुराचे लोंढे थांबतील, फराक्क्याच्या वरच्या अंगाला गाळ साचेल आणि पूर बिहारला भोगावा लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. उत्तर म्हणून त्यांना पाकिस्तानधार्जिणे ठरवण्यात आले. अभियंत्याचा युक्तिवाद खोडता येत नसला की त्याच्या देशनिष्ठेला हात घालण्याची आपली जुनी सवय! १९७५ मध्ये बांध कार्यान्वित झाला आणि अवघ्या दोन वर्षांत, खोल पाण्याच्या शोधात, खाली हल्दियाची गोदी सुरू करावी लागली. तीही गाळातून सुटलेली नाही. मोठी जहाजे आजही आधी अन्यत्र किंवा खुल्या समुद्रात माल हलका करतात आणि मगच हल्दियाला येतात. इकडे मालदा-मुर्शिदाबादमध्ये गंगा गावे गिळते आहे. २०१६ च्या पुरानंतर बिहारच्या मुख्यमंत्र्यांनी तर फराक्का हटवण्याचीच मागणी केली.

म्हणून फराक्का मोडावा, असे आम्ही म्हणत नाही. हुगळीच्या गोड्या पाण्यावर आज कोलकात्याची तहान भागते आणि खारेपणाला आवर बसतो. नेपाळचा बराचसा सागरी व्यापारही याच बंदरातून होतो. मात्र पिण्यासाठी लागणारे पाणी, खारेपणा रोखणारे पाणी आणि गाळ ढकलणारे पाणी हे तीन वेगळे हिशेब आहेत. ते एकाच आकड्यात कोंबून ढाक्याशी बोलणी केली, तर खोल पाण्याचे नवे बंदर सागर बेटावर की ताजपूरला, हा वादही अंधारातच चालू राहील. केंद्राने या तिन्ही गरजांची तांत्रिक तपासणी करून ती प्रसिद्ध करावी आणि त्या पथकात बंगालइतकीच बिहारलाही जागा द्यावी. १९९६ मध्ये पाटण्याला कोणी विचारले नव्हते.